थकलेल्या पेशी, चढता रक्तदाब

माणसाच्या धमन्यांचे वय जन्मदाखल्यावरच्या वयाशी जुळतेच असे नाही. चाळिशीतल्या एखाद्याच्या धमन्या साठीतल्या माणसाच्या वाटाव्यात इतक्या ताठर झालेल्या आढळतात आणि सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजींचा रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या आसपास टिकून असतो. हा फरक का पडतो, याचे उत्तर गेल्या काही दशकांत धमन्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये शोधले जात आहे. या पेशी म्हाताऱ्या झाल्या की रक्तदाब चढू लागतो, आणि चढलेला दाब उरलेल्या पेशींनाही वेळेआधी म्हातारपण आणतो.

भारतापुरते बोलायचे तर हा प्रश्न घरोघरचा आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, वीस वर्षांवरील ३५.५ टक्के भारतीयांना उच्च रक्तदाब आहे. माणसे मोजली तर हा आकडा सुमारे ३१.५ कोटी होतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब सातत्याने भरला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. यातल्या अनेकांना त्याची कल्पना नसते, आणि ज्यांना असते त्यांच्यापैकीही बरेच जण ‘वय झाले, आता बीपी असायचेच’ म्हणून गोळी टाळतात.

ही समजूत काही आजची नाही, आणि अडाणीपणाची तर नाहीच. ती डॉक्टरांकडूनच समाजात आली. वयात शंभर मिळवावेत आणि येईल तो वरचा आकडा ठीक मानावा, असा हिशेब एके काळी सर्रास सांगितला जाई. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी मोजला तेव्हा तो १८६/१०८ भरला. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मात्र वयाच्या मानाने अध्यक्षांची प्रकृती उत्तम असल्याचे जगाला सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्यांचे वय होते ६३. त्या काळी दाब उतरवणारे धड औषधही हाताशी नव्हते हे खरे, पण चढत्या दाबाला वयाचा स्वाभाविक भाग मानण्याची वृत्ती औषधे आल्यानंतरही बरीच वर्षे टिकली.

पेशी म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर असे होते की, ती होतच नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या, आणि त्या तब्बल १९४६ पर्यंत वाढत राहिल्या. कॅरेल नोबेल विजेते. त्यामुळे शरीराबाहेर नीट पोसली तर पेशी अमर असते, हे जवळजवळ सिद्ध झाल्यासारखेच मानले गेले. इतर प्रयोगशाळांना ते कधी साधले नाही. पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या अर्काबरोबर ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात, असा तर्क पुढे मांडला गेला.

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ही समजूत मोडली. माणसाच्या गर्भातून घेतलेल्या पेशी पन्नासेक वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असे त्यांना दिसले. दोष पात्राचा किंवा पोषकद्रव्याचा नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी एक देखणा प्रयोग केला. बऱ्याच वेळा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच पात्रात मिसळल्या. काही काळाने तपासले तर पात्रात फक्त स्त्रीच्या पेशी वाढत होत्या. पुरुषाच्या पेशी आपला कोटा संपवून थांबल्या होत्या. पेशी गोठवून ठेवल्या आणि पुन्हा जाग्या केल्या तरी त्या मोजणी विसरत नसत; जिथे थांबल्या तिथूनच पुढे चालू होत.

ही मोजणी कुठे ठेवली जाते, हे नंतर कळले. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचा एक ठरावीक तुकडा हजारो वेळा लागोपाठ आलेला असतो. ही टोके म्हणजे टेलोमिअर. पेशी विभागताना गुणसूत्राची नक्कल शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण होत नाही, म्हणून दर विभाजनात टेलोमिअर थोडे आखूड होतात. फार आखूड झाले की पेशी त्या टोकाला तुटलेला डीएनए समजते आणि धोक्याची सूचना निघते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले ते या टोकांच्या आणि ती पुन्हा लांबवणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या शोधासाठी.

मात्र टेलोमिअर हे पेशीचे एकमेव घड्याळ नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर माणसाच्या कित्येक पट लांब असतात, तरी उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. तंबाखूचा धूर, रक्तातली वाढलेली साखर, प्राणवायूपासून तयार होणारे आक्रमक रेणू, किरणोत्सार यांपैकी कशानेही डीएनएला पुरेशी इजा झाली, तर टेलोमिअर चांगले लांब असूनही पेशी विभागणे थांबवते. दोन्ही वाटा शेवटी पेशीतल्या त्याच ब्रेकपर्यंत पोहोचतात. पी५३ आणि पी१६ ही त्या ब्रेकमधली महत्त्वाची प्रथिने, आणि ती दाबली गेली की सहसा परत सुटत नाहीत. यात शरीराचा स्वार्थही आहे. डीएनए बिघडलेली पेशी विभागत राहिली तर कर्करोगाची भीती. तिने थांबणे बरे.

अडचण पुढे आहे. थांबलेली पेशी मरत नाही. ती फुगून चपटी होते, जागा अडवून बसते आणि आजूबाजूला दाह निर्माण करणारी रसायने, तसेच उतींचे धागे कुरतडणारे विकर सोडत राहते. अमेरिकी संशोधक ज्युडिथ कॅम्पिसी यांनी या स्रावाचा कसून अभ्यास केला आणि २००८ पासून तो वार्धक्यशास्त्राच्या केंद्रस्थानी आला. स्रावाच्या संपर्कातल्या निरोगी पेशीही काही काळाने थांबतात. अढीत एक आंबा नासला आणि वेळीच काढला नाही, तर त्याला लागून असलेले आंबेही डागाळतात, तसाच हा प्रकार आहे. तरुण शरीरात रोगप्रतिकारक पेशी असे नासके आंबे वेचून बाहेर टाकतात. वय वाढते तशी ही वेचणी मंदावते.

आता धमनीकडे वळू. धमनीच्या आतल्या बाजूला, थेट रक्ताला लागून, पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. एका पेशीइतक्या जाडीचा हा थर रक्तदाबाच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि १९८० पर्यंत तो निव्वळ गुळगुळीत अस्तर मानला जात होता. त्या वर्षी ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ॲसिटिलकोलिन या रसायनाने पट्टी सैलावायला हवी, पण ती कधी सैलावे तर कधी उलट आकसे. उलगडा असा झाला की, पट्टी कापताना आतला थर घासला गेला असेल तर ती सैलावत नाही. म्हणजे सैल होण्याचा निरोप त्या थरातून येत होता. तो निरोप नेणारा रेणू नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे निघाले, आणि १९९८ चे नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड मुराद यांना मिळाले.

अंतःस्तराची पेशी म्हातारी झाली की नायट्रिक ऑक्साइड कमी बनवते. तो बनवणारा विकरही मग बिघडतो आणि त्याच्याऐवजी सुपरऑक्साइड हा आक्रमक रेणू तयार करू लागतो. हा रेणू उरल्यासुरल्या नायट्रिक ऑक्साइडलाही गिळून टाकतो. सैल होण्याचा निरोप न मिळाल्याने धमनीतले स्नायू आकसलेले राहतात. लहान धमन्यांत याचे परिणाम फार मोठे असतात, कारण नळीचा रक्तप्रवाहाला होणारा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली की विरोध पन्नास टक्क्यांहून अधिक वाढतो. तेवढेच रक्त तेवढ्याच वेगाने पुढे ढकलायचे तर दाब वाढवण्यावाचून हृदयाला गत्यंतर नसते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक नायट्रिक ऑक्साइडला हात देत असते. पाळी गेल्यानंतर तो आधार जातो आणि अनेकींचा दाब त्या काळात चढू लागतो.

मोठ्या धमन्यांची कथा निराळी आहे. महाधमनीचे काम नळीसारखे रक्त वाहून नेण्यावर संपत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते, थोडे रक्त पोटात साठवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत ते पुढे सोडते. ही लवचीकता इलॅस्टिन या प्रथिनाच्या धाग्यांमुळे येते. शरीर हे धागे मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणात विणते, आणि पुढे जन्मभर जवळजवळ तेच वापरते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते. पन्नास वर्षांत हे धागे सुमारे १८० कोटी वेळा ताणले जातात. ते झिजतात, तुटतात, आणि भिंतीतल्या म्हाताऱ्या पेशींनी सोडलेले विकर त्यांना आणखी कुरतडतात. रिकाम्या जागी कोलॅजेन भरले जाते. ते मजबूत असते पण ताणले जात नाही. भिंतीतल्या काही स्नायुपेशी तर आपला मूळ स्वभाव सोडून हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत कॅल्शियम साठू लागते.

ताठर महाधमनी फुगत नाही, म्हणून हृदयाच्या आकुंचनाचा पुरा जोर वरच्या आकड्यात उतरतो. ती रक्त साठवत नाही, म्हणून दोन ठोक्यांमध्ये दाब लवकर पडतो आणि खालचा आकडा घसरतो. पन्नाशी-पंचावन्नपर्यंत दोन्ही आकडे चढतात आणि त्यानंतर वरचा चढत असताना खालचा उतरू लागतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घ अभ्यासात स्पष्ट दिसले. म्हाताऱ्या माणसाचा १७०/७० दाब पाहून ‘खालचा तर छान आहे’ असे समाधान घरोघर मानले जाते. तो समाधानाचा आकडा नव्हे. दोन आकड्यांतले शंभराचे अंतर धमन्यांच्या ताठरपणाची खूण आहे. हा ताठरपणा मोजताही येतो. ठोक्याची लाट तरुण महाधमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने जाते. भिंत ताठर होईल तसा वेग वाढतो, आणि युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ दहा मीटरच्या वरचा वेग धोक्याचा मानतात.

मूत्रपिंडाला या गोष्टीत वेगळी जागा द्यायला हवी, कारण दाब दीर्घकाळ कोणत्या पातळीवर राहील हे शेवटी तेच ठरवते. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकते, आणि दाब जागेवर येतो. मूत्रपिंडातल्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की हे काम सुरळीत होण्यासाठी आधीपेक्षा अधिक दाब लागतो. मग जेवणातले तेच मीठ, जे विशीत पचत होते, साठीत दाब चढवते. १९९७ साली जपानी संशोधकांनी क्लोथो नावाचे जनुक शोधले. ते बिघडले तर उंदीर अकाली म्हातारे होतात. हे जनुक सर्वाधिक काम करते ते मूत्रपिंडात, आणि त्याची कमतरता असलेल्या उंदरांचा दाब मिठाने चढतो.

रोगप्रतिकारक पेशींचाही यात हात आहे. २००७ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने टी-पेशी नसलेल्या उंदरांना दाब चढवणारे अँजिओटेन्सिन टोचले, तर दाब फारसा चढला नाही. टी-पेशी परत दिल्यावर तो चढला. रक्तदाब म्हणजे हृदय आणि नळ्यांचे यंत्रशास्त्र, अशी समजूत बाळगून असलेल्यांना हा धक्काच होता.

इथवर पेशींचे म्हातारपण दाब कसा चढवते ते झाले. उलट दिशेचा पुरावाही कमी नाही, आणि त्यातला सर्वांत बोलका पुरावा एकाच माणसाच्या दोन धमन्यांतून मिळतो. पोटाच्या खाली पायांकडे जाणाऱ्या धमन्यांवर रक्ताचा मारा जोरात असतो. छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या स्तनधमनीवर तो सौम्य असतो. १९९५ साली या दोन ठिकाणच्या अंतःस्तराच्या पेशींचे टेलोमिअर मोजले गेले. पायांकडे जाणाऱ्या धमनीत ते वयागणिक अधिक वेगाने आखूड होत होते. मार खाणारा थर झिजतो, झीज भरण्यासाठी शेजारच्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि आपला कोटा लवकर संपवतात. शरीर एकच, जन्मतारीख एकच, पेशींचे वय मात्र वेगळे. बायपास करणारे शल्यविशारद नवी वाट म्हणून छातीतली स्तनधमनी पसंत करतात, कारण ती उतारवयातही बहुधा स्वच्छ राहते.

दाब चढवणाऱ्या रसायनांचाही थेट मार पेशींना बसतो. शरीरात तयार होणारे अँजिओटेन्सिन धमनी आकसवते हे जुनेच ज्ञान आहे. ते स्नायुपेशींना पी५३ च्या वाटेने म्हातारपणात ढकलते, हे नंतर दिसले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या प्राण्यांच्या हृदयात आणि मूत्रपिंडात पी१६ ही वार्धक्याची खूण वाढलेली आढळली. औषधे देऊन दाब उतरवल्यावर ती खूणही कमी झाली. म्हणून आधी काय, म्हातारपण की दाब, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. सुरुवात कुठूनही होऊ शकते. एकदा झाली की दोन्ही एकमेकांना ओढत नेतात.

निसर्गाने या प्रक्रियेचा एक क्रूर नमुनाही ठेवला आहे. अमिताभ बच्चन यांचा २००९ चा ‘पा’ हा चित्रपट ज्या प्रोजेरिया विकारावर आहे, तो सुमारे चाळीस लाख जन्मांत एखाद्या बाळाला होतो. २००३ साली त्याचे कारण सापडले. पेशीकेंद्राला आकार देणाऱ्या लॅमिन-ए या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि प्रोजेरिन नावाचे सदोष प्रथिन तयार होते. त्याची झळ मोठ्या धमन्यांतल्या स्नायुपेशींना फार बसते. या मुलांच्या धमन्या म्हाताऱ्यांसारख्या ताठर होतात, आणि औषध न मिळाल्यास ती सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात. सिगारेट नाही, वर्षानुवर्षांचे तेलकट खाणे नाही, कचेरीतला ताण नाही. धमनीच्या पेशी म्हाताऱ्या झाल्या एवढेच पुरेसे ठरते. हेच प्रोजेरिन अत्यल्प प्रमाणात सर्वसाधारण माणसांच्या पेशींतही आढळले आहे.

टेलोमिअरचा आणि दाबाचा संबंध माणसांच्या मोठ्या गटांत तपासण्याचे प्रयत्न मात्र संमिश्र ठरले. २००० साली डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर जितके आखूड, तितके वरच्या-खालच्या आकड्यांतले अंतर अधिक, असे दिसले, आणि बराच उत्साह संचारला. पण पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर किती लांब असतील हे बरेचसे जन्मतःच ठरलेले असते, आणि रक्तातल्या पेशीवरून धमनीच्या भिंतीतल्या पेशीची अवस्था कळेलच असे नाही. रक्ताच्या चाचणीवरून ‘तुमचे खरे वय’ सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांची जाहिरात आता आपल्याकडेही होते. रक्तदाबापुरते विचारले तर दंडाला बांधायचा पट्टा अधिक उपयोगाचे सांगतो.

धमन्यांचे वय जन्माआधीच ठरू लागते का, या प्रश्नाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ पासून दाखवले की, जन्मतः कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी उच्च रक्तदाब आणि हृदयविकार अधिक होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातले बाळ दिसायला बारीक, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने शाबूत. या मुलांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

कमी वजनाचा आणि मूत्रपिंडाचा संबंधही इथेच येतो. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, म्हणजे नेफ्रॉन, जन्माआधीच तयार होतात. नंतर एकही नवा बनत नाही. २००३ साली जर्मनीत अपघातात दगावलेल्या दहा उच्च रक्तदाबाच्या माणसांची मूत्रपिंडे तपासली गेली. त्यांत प्रत्येकी सुमारे सात लाख नेफ्रॉन होते. तितक्याच वयाच्या निरोगी माणसांत चौदा लाख. दहा माणसांचा अभ्यास लहानच. पण निम्म्या गाळण्यांवर दुप्पट भार पडला तर त्यातल्या पेशी लवकर थकणार, हे समजायला अवघड नाही.

तरीही दाब वयाबरोबर चढलाच पाहिजे असा निसर्गनियम नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांचा दाब आणि लघवीतले मीठ मोजले होते. त्यात ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा सरासरी दाब सुमारे ९६/६१ निघाला, आणि वयस्कांतही तो चढलेला नव्हता. त्यांच्या आहारात वरचे मीठ जवळजवळ नसते. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात मठात राहणाऱ्या जोगिणींचा दाब तीस वर्षे मोजत राहिले, तेव्हा तोही वाढला नाही. त्याच भागातल्या संसारी स्त्रियांचा मात्र वर्षागणिक वाढत गेला. गंमत अशी की, या जोगिणींच्या आणि संसारी स्त्रियांच्या मिठात फरक नव्हता. शांत, आखीव दिनक्रमाचा तो परिणाम असावा, असे संशोधकांचे मत पडले. पेशी दोन्हीकडे म्हाताऱ्या होतच असणार. त्या किती वेगाने म्हाताऱ्या व्हाव्यात, हे मात्र आहार आणि राहणीवरही अवलंबून असते.

मग म्हाताऱ्या पेशीच काढून टाकल्या तर? २०११ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये अशी जनुकीय युक्ती केलेले उंदीर तयार झाले की, एक औषध देताच त्यांच्यातल्या पी१६ असलेल्या पेशी मरत. या उंदरांचे अनेक वार्धक्यविकार लांबले. २०१५ मध्ये डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचे औषध आणि कांदा-सफरचंदात असणारे क्वर्सेटिन यांची जोडी तेच काम करते असे दिसले, आणि पुढच्या वर्षी या जोडीने म्हाताऱ्या उंदरांच्या धमन्या पुन्हा सैलावू लागल्याचा अहवाल आला. माणसाचा रक्तदाब यामुळे उतरतो असे सिद्ध झालेले नाही. उलट २०२० साली आणखी एक गोष्ट पुढे आली. उंदराच्या यकृतातल्या अशा पेशी काढल्यावर त्या जागा भरून आल्याच नाहीत. तिथे व्रणासारखी उती तयार झाली आणि उंदरांची प्रकृती ढासळली. म्हातारी पेशी निकामी असली तरी काही ठिकाणी ती भिंतीतली वीट असते. क्वर्सेटिनच्या बाटल्या आज ऑनलाइन सहज मिळतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. रक्तदाबाची गोळी बंद करून त्या घेणे हा शुद्ध जुगार ठरेल.

हाताशी असलेले उपाय साधे आहेत. बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांनी तीन महिने नियमित झपझप चालल्यावर त्यांच्या अंतःस्तराची धमनी सैल करण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी सुधारली, असे कोलोरॅडोतल्या संशोधकांना २००० साली आढळले. चालताना रक्ताचा प्रवाह भिंतीवरून जोराने पण एका लयीत वाहतो, आणि तोच अंतःस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतो. तंबाखू, मग ती ओढलेली असो की मळलेली, नेमके उलटे करते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड, फरसाण आणि कोकण-गोव्यातली खारवलेली सुकी मासळी हिशेबात घेतली, तर ही मर्यादा आपल्या ताटात पहिल्या जेवणातच संपू शकते.

औषधांबाबत उतारवयात मिळालेला पुरावा तर अगदी भक्कम आहे. साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा वाढलेल्या ४,७३६ माणसांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत क्लोरथॅलिडोन या स्वस्त गोळीवर आधारलेल्या उपचाराने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. तिचे निष्कर्ष १९९१ चे. २००८ साली ऐंशी वर्षांपुढच्या ३,८४५ जणांच्या चाचणीत उपचार घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण तर ६४ टक्क्यांनी उतरले. फायदा इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ऐंशीनंतर कशाला गोळ्या, असे म्हणायला त्यानंतर फारशी जागा उरली नाही.

वृद्धांत दाब उतरवताना घाई मात्र चालत नाही. ताठर धमन्या दाबातल्या चढउताराशी चटकन जुळवून घेऊ शकत नाहीत. बसलेले आजोबा एकदम उभे राहिले की मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पडून खुब्याचे हाड मोडते. म्हणून या वयात औषध कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि दाब बसल्यावर मोजून झाला की उभे करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजतात. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने घसरला, तर गोळीची मात्रा आणि वेळ बदलण्याचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो.